ब्रेकवरचा पाय

गाडी बाहुल्यापासून हातभर अंतरावर थांबली आणि उस्तादने ब्रेकवरचा पाय चोरासारखा मागे घेतला.

"थांबली!" रेडिओवर कुणीतरी ओरडलं. मागोमाग टाळ्या ऐकू आल्या.

काचेच्या खोलीत कंपनीची माणसं एकमेकांचे हात हातात घेत होती. गाडी त्यांची होती. मध्यम आकाराची, चार दारांची, पण रेसच्या गाडीसारखं नाक खाली घालून बसलेली, लालभडक. तिच्या सुरक्षेच्या परीक्षेतला हा शेवटचा आणि सगळ्यात अवघड पेपर होता.

या मैदानावरचं उस्तादचं काम सांगायला सोपं होतं. नेमून दिलेल्या वेगाने गाडी सरळ न्यायची आणि समोर काहीही आलं तरी ब्रेकला पाय लावायचा नाही. उभ्या करून ठेवलेल्या दोन गाड्यांच्या आडून, सरकत्या पाटावर बसवलेला लहान मुलाएवढा स्पंजचा बाहुला अचानक समोर येणार. त्याला ओळखून गाडीने आपली आपण थांबायचं. थांबली तर पास. नाही थांबली तर बाहुला उडणार आणि गाडीचे गुणही त्याच्याबरोबर जाणार. माणसाच्या पायाने यात नाक खुपसायचं नाही.

बाहुल्याच्या अंगावर निळा कोट होता. बाहुल्यांचे कपडे सारखे फाटत, म्हणून जो तो घरून पोरांचे जुने कपडे आणून देई. हा कोट उस्तादनेच आणला होता, नातीला आखूड झाला म्हणून. आज तो गाड्यांच्या आडून सरकत बाहेर आला, त्याची एक बाही हलली, आणि पाय ब्रेकवर गेला. डोक्याला विचारायलाही थांबला नाही.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माझा पाय लागला, फेरी पुन्हा घ्या. नवशिके ड्रायव्हर असं अधूनमधून सांगत, चार टोमणे खात आणि पुन्हा गाडी काढत. पण ते नवशिके. उस्तादचा पाय म्हणजे मैदानावरची म्हण झाली होती. "समोर साक्षात सासू आली तरी उस्तादचा पाय हलायचा नाही," असं सगळे म्हणत, आणि उस्ताद मिशीतल्या मिशीत हसून ते म्हणू देई.

त्यात आणखी एक गोष्ट होती. दोन वर्षांपूर्वी त्याच्याच वयाच्या एका ड्रायव्हरचा पाय असाच गेला होता. त्या माणसाने गाडीतून उतरून सर्वांदेखत सांगून टाकलं. तेव्हा उस्ताद भर कॅन्टीनमध्ये म्हणाला होता, "काय रे, पायाला लोणी लावून आलास काय?" अख्खं कॅन्टीन खो खो हसलं. त्या दिवसापासून त्या माणसाला सगळे लोणीच म्हणू लागले, आणि वर्ष सरायच्या आत त्याने स्वतःच ड्रायव्हिंग सोडून स्टोअर मागून घेतलं. आता तो तिथे बाहुले शिवत बसे. त्याचं खरं नाव नव्या पोरांना माहीतही नव्हतं.

"उस्ताद, काही बोलायचंय?" रेडिओवर इंजिनीअरबाईंचा आवाज आला. दर फेरीनंतर त्या हेच विचारत.

"काही नाही मॅडम. सगळं ठीक."

हे बोलताना त्याची कानशिलं गरम झाली. पेडलवर पडलेला दाब यंत्र नोंदवून ठेवतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने मनाची समजूत घातली की आपला पाय निसटता लागला, दिसायचा नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं ते काही त्याला अक्कल नसते म्हणून नव्हे.

संध्याकाळी तो घरी चहा घेत असताना जावयाचा फोन आला. जावई या लाल गाडीच्या प्रेमात पडला होता. लेकीला गाडीचा दिखाऊपणा पसंत नव्हता, म्हणून त्या घरी महिनाभर शीतयुद्ध चालू होतं.

"बाबा, उद्या सकाळी बुक करायला निघालोय. तुमची लेक म्हणते, बाबांनी हो म्हटलं तरच. तुमच्याकडेच आलीये ना ती गाडी? मुलं आडवी आली तर थांबते का?"

एरवी तो नियमावर बोट ठेवायचा. निकाल जाहीर होईपर्यंत मी काही बोलणार नाही, असं म्हणून विषय संपवायचा. आजही तसं म्हणता आलं असतं. पण नको म्हटलं तर का ते सांगावं लागेल, आणि गप्प बसलं तर गप्प का बसलात असं लेक विचारील, असं त्याला वाटून गेलं. खोटं म्हणजे भूक लागलेलं पोर असतं, त्याला लगेच दुसरा घास द्यावा लागतो.

"थांबते," तो म्हणाला.

"बघा! तुमच्या तोंडून ऐकलं की झालं. आता तिची बोलती बंद."

बायकोने कप उचलता उचलता विचारलं, "चहा तसाच ठेवलात?"

"गोड झालाय," तो म्हणाला. चहा नेहमीसारखाच होता.

दुसऱ्या दिवशी तो लवकर मैदानावर पोचला. सांगून टाकायचं असं ठरवूनच निघाला होता, पण इंजिनीअरबाईंच्या दाराशी आल्यावर त्याला आपल्या बुटाची नाडी सैल वाटली. ती त्याने बांधली. मग दुसरीही सोडून बांधली.

"या उस्ताद," बाईच म्हणाल्या. त्या त्याच्या लेकीच्या वयाच्या होत्या. समोरच्या पडद्यावर कालच्या फेरीची रेघ होती आणि तिच्यावर, बरोबर बाहुल्याच्या जागी, एक छोटा उंचवटा होता.

बाईंनी त्याच्यापुढे खुर्ची सरकवली.

"मला तेव्हाच दिसलं होतं," मग त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही स्वतः येऊन सांगाल असं वाटलं, म्हणून पाळी सुटेपर्यंत थांबले. तुम्ही घरी गेलात. कंपनीची माणसं निकाल घेऊन निघायच्या तयारीत होती. मग मी लोणीकाकांना बोलावलं. त्यांच्याकडे परवाना अजून आहे."

"मग?"

"नाही थांबली. दोनदा घेतली फेरी. दोन्ही वेळा बाहुल्याला उडवलं. एकदा तर ब्रेक लागलाच नाही म्हटलं तरी चालेल."

उस्तादने खुर्चीची पाठ धरली.

"तुमची फेरी रद्द केलीये. कारण म्हणून वारा लिहिलाय. वाऱ्याने पाट हलला." बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "काकांनीच सुचवलं. मला ते पटलेलं नाही, पण त्यांनी हातच जोडले."

हे ऐकून उस्तादला आधी हायसं वाटलं. मग आपल्याला हायसं वाटलं याची त्याला इतकी लाज वाटली की बाईंच्या तोंडाकडे न बघताच तो बाहेर पडला.

स्टोअरमध्ये लोणी खिडकीजवळ स्टुलावर बसला होता. मांडीवर कालचा बाहुला होता. त्याचा खांदा उसवून स्पंज बाहेर आला होता आणि लोणी जाड सुईने टाके घालत होता.

"ये," तो मान वर न करता म्हणाला. "दाराशी उजेड अडतोय, आत ये."

उस्ताद आत आला. बसायला सांगितलं नव्हतं, म्हणून उभाच राहिला.

"काल तू चालवलीस."

"हं."

"पाय?"

"थरथरत होता की. पहिल्या फेरीला तर मांडी हाताने दाबून धरली." लोणीने दोरा दाताने तोडला. "पण गाडीचं खरं काय ते कळायला हवं होतं. उद्या कुणाचं तरी पोर येईल तिच्यापुढे."

"आणि वारा कशाला घातलास मध्ये?"

लोणीने सुईत नवा दोरा ओवायला घेतला. दोन वेळा चुकला.

"वाऱ्याला काय होतंय? त्याला कुणी नाव पाडत नाही."

तो हे टोमणा म्हणून बोलला नव्हता. टोमणा असता तर उस्तादला परतवता आला असता, त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने तोंड उघडलं. माफ कर म्हणावं असं मनात होतं, पण दोन वर्षं सबंध मैदानाला हसवल्यावर असं कोपऱ्यात, कुणी ऐकत नसताना माफी मागणं म्हणजे पुन्हा एकदा स्वतःलाच वाचवणं, हे त्याचं त्यालाच कळलं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. जावई होता. मागे शोरूममधलं संगीत वाजत होतं.

"बाबा, सही करतोय! पेन हातात आहे. तुमच्या लेकीला जरा तुमच्या तोंडून ऐकायचंय, स्पीकरवर घेतो."

"सही करू नका."

"अं?"

"ती गाडी थांबत नाही."

"काल तर तुम्हीच म्हणालात, थांबते!"

"बाबा?" लेकीचा आवाज आला. "काय झालं?"

लोणीने बाहुला बाजूला ठेवला आणि तो उठला. दुसऱ्याचं घरचं बोलणं ऐकू नये, इतकी साधी रीत पाळून तो दाराकडे निघाला.

उस्तादने त्याच्या दंडाला धरलं.

"थांब," तो म्हणाला. त्याने लोणीला पुन्हा स्टुलावर बसवलं, फोन त्या दोघांच्या मधे टेबलावर ठेवला, आणि लेकीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायला सुरुवात केली.

"काल ती गाडी मी थांबवली होती. ऐक, पहिल्यापासून सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या इथे एक ड्रायव्हर होता."