मधुकररावांचा डग्गा

बाबांच्या वर्षश्राद्धासाठी अपूर्वा नागपूरहून बालाघाटला आली, तेव्हा ओसरीतच तिला बाबांचा तबला ऐकू आला. चपला काढता काढता ती थबकली. आतल्या खोलीत भजनी ठेका चालला होता, समेच्या अलीकडे किंचित रेंगाळणारा. असं रेंगाळावं ते फक्त बाबांनी.

आत वहिनी कम्प्युटरपुढे बसली होती. नूतन, धाकट्या भावाची, रजतची बायको, माहेर लांजीचं. वयानं लहान म्हणून अपूर्वा तिला नावानंच हाक मारी. लग्नाआधी नूतन कम्प्युटर क्लासात शिकवायची. आता घरीच शाळांच्या गॅदरिंगसाठी गाण्यांचं संगीत तयार करून द्यायची.

पडद्यावर चौकोनांच्या रांगा होत्या, एकेका बोलाची एकेक रांग. चौकोन भरला की तो बोल वाजे. शिवाय कुठला बोल बहुतेक वेळा यावा आणि कुठला क्वचितच, एवढं सांगून ठेवलं की नेमका कधी ते कम्प्युटर आपलं आपण ठरवी. त्यामुळे ठेका तोच राही, पण कुठलंही आवर्तन मागच्यासारखं नसे.

"मामाजी तरी कुठं दोनदा सारखं वाजवत होते," नूतन म्हणाली. सासऱ्यांना ती मामाजी म्हणे. शेवटच्या काही महिन्यांत दुपारी त्यांच्यापुढे माइक ठेवून तिनं एकेक बोल सुटा भरून घेतला होता, आणि समेआधी किती रेंगाळायचं तेही त्यांना विचारून बसवलं होतं.

अपूर्वानं छान आहे असं म्हटलं आणि ती चहा करायला गेली. चहा कुणालाच नको होता.

लहानपणी तिनं बाबांकडे तबला मागितला होता. बाबा वनखात्याच्या कचेरीत होते आणि संध्याकाळी भजनी मंडळात वाजवीत. आधी अभ्यास कर, म्हणाले. पुढच्या खेपेस मागितला तर जबलपूरहून येताना तिच्यासाठी पुस्तक घेऊन आले. मग पुस्तकंच येत राहिली. ती वाचत गेली, शिकली, नागपूरच्या कॉलेजात मराठी शिकवू लागली. बाबा सगळ्यांना अभिमानानं सांगत. तबला मात्र त्यांच्या खोलीतच राहिला, आणि त्या खोलीत दुपारच्या दुपार कोण बसलं? तर ही.

संध्याकाळी भोजराजकाका आले. मंडळाचे म्होरके, बाबांचे जुने सोबती. बाबा गेल्यापासून मंडळाला वारासिवनीहून एक तबलजी बोलवावा लागे, आणि तो यायचा तेव्हा प्रसाद वाटून झालेला असायचा, हे काकांनी सविस्तर सांगितलं. मग मुद्द्यावर आले. वर्षश्राद्धाच्या भजनाला नूतनचा हा ठेकाच लावला तर? रजतनं सगळं ताईवर सोडलं होतं. तिची मर्जी नसेल तर नाही.

अपूर्वानं उद्या सांगते म्हटलं. मनात नाही ठरलेलंच होतं. बाबांना यंत्र आवडलं नसतं, हे कारणही तिनं शोधून ठेवलं होतं. ते खोटं होतं. बाबांना नवं यंत्र दिसलं की ते आधी उलटं करून पाहत.

सकाळी ती आपणहून नूतनपाशी जाऊन बसली. ठेका चालू होता. ऐकता ऐकता तिच्या एकदम ध्यानात आलं.

"नूतन, बाबांचा डावा हात तर गेला होता ना? अर्धांगवायूनंतर चमचासुद्धा धरवत नव्हता. मग डग्गा कुणी वाजवला?"

नूतननं माउसवरचा हात काढून घेतला.

"मी."

तिनं सांगितलं ते असं. उजव्या हाताचे बोल भरून झाले. पण धा म्हटला की दोन्ही हात लागतात. मामाजींनी डग्गा तिच्याकडे सरकवला, तिचं मनगट धरून महिनाभर दाबायला, घासायला शिकवलं, आणि मगच भरू दिलं. म्हणजे इथला प्रत्येक धा दोघांचा होता, सासऱ्याचा आणि सुनेचा.

"तुलाच का?" अपूर्वानं विचारलं. आवाज ताब्यात होता.

"मी घरात होती म्हून. तुम्ही राह्यल्या असत्या तं तुम्हाले शिकवलं असतं. त्याइले हात पाहिजे होता, ताई. उजवा तं मले अजूनबी येत नाही."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण जे हवं होतं त्यासाठी फक्त घरात असणं पुरेसं होतं, हे तिला जास्तच लागलं.

"डावा बंद करता येतो?"

नूतननं डग्ग्याच्या रांगा बंद केल्या. बाबांचा उजवा हात एकटा वाजू लागला. टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसाचं एकाच बाजूचं बोलणं ऐकावं तसं. अपूर्वा ते बराच वेळ ऐकत राहिली. हेच तिला हवं होतं, आणि यावर कुणाला भजन म्हणता आलं नसतं.

"लावू दे काकांना," ती उठताना म्हणाली. "दोन्ही."

भजनाला घर भरलं. काकांनी आधी सगळ्या देवांना सोडून वीज मंडळालाच हात जोडले. नूतननं ठेका सुरू केला आणि भिंतीकडेला जाऊन बसली. दुसऱ्या अभंगात डग्गा असा काही घुमला, खालून वर ओढ घेत, की काकांनी गाणं थांबवून डोळे पुसले.

"हा डग्गा ऐका," ते सगळ्यांना म्हणाले. "मधुकरशिवाय कुणाची बिशाद आहे?"

बायाही डोळ्यांना पदर लावू लागल्या. नूतन खाली मान घालून बसली होती. ती काही बोलणार नव्हती. अपूर्वानं तिच्याकडे पाहिलं. ही अशीच गप्प राहिली तर तिचा हात कायमचा बाबांचा होऊन बसेल, आणि मग बाबांचं कुठलं, हिचं कुठलं, कुणाला कळणार नाही.

"काका, तो बाबांचा नाही," ती म्हणाली. "डग्गा नूतननं वाजवलाय. बाबांचा फक्त उजवा हात आहे."

 मग काकांनी नूतनला जवळ बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि अपूर्वाकडे वळून म्हणाले, "हौ पोरी, भावजयीचं असं चारचौघांत सांगाले मोठं मन लागते."

अपूर्वानं नकारार्थी मान हलवली. सगळ्यांना तो विनय वाटला. नूतननं मात्र तिच्याकडे नीट पाहिलं, आणि पुन्हा जाऊन बसली, यावेळी कम्प्युटरजवळ.