डाव्या पायाचे बूट

जपानी माणूस आणि संप या विषयावर मराठी मध्यमवर्गाला एकच गोष्ट ठाऊक आहे. बुटांच्या कारखान्यातल्या कामगारांनी संप केला, पण काम थांबवलं नाही. नुसते डाव्या पायाचे बूट बनवत राहिले. मागण्या मान्य झाल्यावर उजव्या पायाचे बनवून जोड्या पुऱ्या केल्या. ही गोष्ट मला शाळेत सरांनी सांगितली, कॉलेजात प्राचार्यांनी आणि इथे लंडनच्या हाउन्सलोला आल्यावर शशिधर सरांनी. सांगणाऱ्यांपैकी एकालाही असा कामगार कधी भेटलेला नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

शशिधर सर म्हणजे आमच्या कंपनीचे मालक आणि मराठी मंडळाचे तहहयात अध्यक्ष. एअरपोर्टजवळच्या गोदामांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. आम्ही नऊ जण त्यांच्या स्पॉन्सरशिपवर इथे आहोत, म्हणून दर शनिवारी ‘स्वेच्छेने’ ऑफिसला जातो. माझा व्हिसा जूनमध्ये संपत होता आणि पुढचा कागद सोमवारी सरांच्या सहीला जाणार होता. सही झाली नाही तर मी, श्रद्धा आणि आमची सान्वी, भर शाळेच्या सत्रात बाडबिस्तरा गुंडाळून नागपूरला.

यंदा महाराष्ट्र दिनाला सरांना ‘जपानी शिस्त’ हा विषय हवा होता, आणि सोबत एक अस्सल जपानी पाहुणा.

“परीक्षित, तुझ्या शेजारी कोणीतरी राहतं ना?”

राहत होत्या. तोकिको हानावा, वय एक्याऐंशी, लेखिका. त्यांनी मला एकदा आपली कादंबरी भेट दिली होती. ती जपानीत, त्यामुळे मी फक्त मुखपृष्ठ वाचलं. त्यावर गिरणीची चिमणी होती. म्हटलं, औद्योगिक प्रगतीवर असणार.

“एक मे?” हानावाबाई एकदम खूश झाल्या. “एक मेला मी नाही कशी म्हणेन?”

जपान्यांना महाराष्ट्र दिनाचं केवढं कौतुक, असं मी सरांना कळवलं. त्याच तारखेला कामगार दिनही असतो, हे आम्हा नऊ कामगारांपैकी एकालाही आठवलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी बाई कम्युनिटी सेंटरमध्ये आल्या त्या लालभडक स्कार्फ बांधून. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं. बाईंनी नारळ हातात तोलला आणि “फेकायला उत्तम,” असा इंग्रजीत शेरा दिला. सगळे कौतुकाने हसले. मग सरांनी पाहुण्यांसाठी खास इंग्रजीत भाषण ठोकलं आणि व्हायचं तेच झालं, गाडी बुटांवर आली. “मॅडम विल कन्फर्म,” म्हणत त्यांनी माइक पुढे केला.

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?” बाईंनी विचारलं. “मालकाने?”

सर हसले. दुसरं काय करणार?

“मी सूतगिरणीत होते,” बाई म्हणाल्या. “आम्ही संप केला तेव्हा यंत्रं बंद केली आणि आवारात बसलो. एकेचाळीस दिवस. मालकाने पाणी तोडलं, तर त्याच्याच बागेतल्या हौदाच्या पाण्यावर आम्ही भात शिजवला. हौदातले त्याचे लाडके रंगीत मासेही खाल्ले. मला सात महिने तुरुंग झाला तो माशांबद्दल. तिथे पहिली कादंबरी लिहिली. मासे मात्र बेचव होते.” मग त्यांनी हॉलभर नजर फिरवली. “इथे शनिवारी कोण कोण कामाला जातं?”

माझ्या शेजारच्या डेस्कवर बसणाऱ्या कस्तुरीने हात वर नेला आणि केस सारखे केल्यासारखं करून खाली आणला.

“आभारप्रदर्शन!” सर ओरडले.

ते माझ्याकडे होतं. माइक हातात घेतला तेव्हा हात लटलट कापत होते. बोलावंसं बरंच वाटत होतं, पण सर पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. “शशिधर सर आम्हाला वडिलांसारखे आहेत,” मी मराठीत म्हणालो. त्यांचे तीनदा आभार मानले आणि बटाटेवडे तयार असल्याचं जाहीर केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, अर्थात वड्यांसाठी.

बाईंना मराठीचं अक्षर कळत नाही. त्यांना दिसले माझे कापणारे हात, सरांची घडी आणि टाळ्या. वड्यांच्या रांगेत येऊन त्यांनी माझा हात घट्ट धरला.

“शाब्बास! त्याच्या तोंडावर बोललास.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर शिव्या पुष्कळ पचवल्या होत्या, ही फुकटची शाबासकी काही गिळवेना. तेवढ्यात सर डिश घेऊन आले.

“उद्या नऊला हं, परीक्षित. रिलीज आहे.”

“उद्या मी नाही येणार, सर.”

सरांनी वडा मोडला. आवाज जराही चढवला नाही. “सोमवारी तुझा पेपर आहे सहीला.”

“माहीत आहे, सर.”

“बघ बाबा,” म्हणून ते पुढे गेले. घाबरलो होतो, सरळ सांगतो. रांगेतली मंडळी चटणीचं सखोल निरीक्षण करत होती.

“आता काय म्हणालास?” बाईंनी विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. आधी माइकवर ‘वडिलांसारखे’ म्हणालो तेही, आणि हे आत्ताचंही. वाटलं, आता तरी खरीखुरी शाबासकी मिळेल.

“तुम्ही किती जण आहात?”

“नऊ.”

“त्यातले तुझ्याबरोबर किती?”

“अजून विचारलं नाही कुणाला.”

“गाढवा!” बाई कडाडल्या. “आधी माणसं मोजायची, मग तोंड उघडायचं. एकट्याचा संप म्हणजे राजीनामा!”

त्यांनी आपली डिश माझ्या हातात कोंबली आणि थेट कस्तुरीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. कस्तुरीने आधी दूर उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“विचार तिला,” बाई मला म्हणाल्या, “तुमच्या भाषेत विचार. आणि या वेळी खरं बोल.”