न वाजवलेली बेल

संध्याकाळचा चहा झाला की बडोद्याच्या गोत्री भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून लेकीच्या घराचं दार बघायचं, हा रमाकांतांचा नेम झाला होता. लेक मोहना अमेरिकेत, बफेलोला. तिच्या दारावरच्या बेलमध्ये कॅमेरा होता आणि त्यातलं सगळं इथे मोबाइलवर दिसायचं. रमाकांतांनीच हट्टाने तो बसवून घेतला होता. परका मुलूख, नवं घर, त्यात मोहनाला सहावा महिना. अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही, असं त्यांनी तिला बजावून ठेवलं होतं.

जानेवारीच्या अखेरीस तिकडे बर्फाचं मोठं वादळ झालं. जावई शुभंकर कामासाठी दुसऱ्या गावी गेला होता, तो तिथेच अडकला. वादळ थांबलं, वीज आली, पण रोजचं जगणं काही जागेवर आलं नाही. गाडी बर्फाखाली नेमकी कुठे आहे तेच कळेना. दूध संपलं. मोहना काळा चहा आणि खिचडीवर दिवस काढत होती. फोनवर सगळं ठीक म्हणायची, पण आवाज थकलेला असायचा.

इकडे संध्याकाळ म्हणजे तिकडे सकाळ. मोबाइलच्या पडद्यावर रस्ता नाही, कुंपण नाही, नुसता पांढरेपणा आणि त्यात रुतलेली काळी झाडं. काहीच हलायचं नाही. खाली सोसायटीत मुलांचा गलका चालू असायचा, आणि हातातल्या त्या चौकोनात इतकी शांतता, की रमाकांत पुन्हा पुन्हा मोबाइलचा आवाज वाढवून बघायचे.

अशाच एका संध्याकाळी त्यांना ती आकृती दिसली. डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यात गुंडाळलेली, चेहरा झाकलेला. पांढऱ्यातून हळूहळू दारापर्यंत आली. बेल वाजवली नाही. नुसतीच उभी राहिली, मग घराच्या कडेला वळून कॅमेऱ्याबाहेर गेली. थोड्या वेळाने भिंतीपाशी काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. खर्र, खर्र. मग आकृती परत आली, खिडकीकडे टक लावून पाहिलं आणि निघून गेली. वाऱ्याने तिच्या पावलांचे ठसे भराभर बुजवले, जणू कोणी आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मोहनाला सांगितलं तर ती म्हणाली, तिला काहीच ऐकू आलेलं नाही, हल्ली फार झोप येते. तिने तिकडच्या पोलिसांना कळवलं, पण ते म्हणाले, रस्ते मोकळे झाल्यावर येऊ.

रमाकांतांची पत्नी निरुपमा शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, "अहो, चोर असता तर रोज येऊन रिकाम्या हाताने परत गेला असता का? विचारा ना त्यालाच."

चौथ्या संध्याकाळी आकृती भिंतीकडून परत दारात येताच रमाकांतांनी कॅमेऱ्याचं बोलण्याचं बटण दाबलं आणि इंग्रजीत दरडावून विचारलं, "कोण आहेस तू? काय हवंय?"

आकृती दचकली. मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली. तोंडावरचा मफलर खाली ओढला. सुरकुतलेला म्हातारा चेहरा, भुवयांवर बर्फ. बाई होती ती.

"मुलगी बरी आहे ना?" तिने विचारलं. "तिला फोन करा. आत्ता."

निरुपमाने फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. अखेर मोहनाने उचलला. बोलणं जड, डोकं ठणकतंय म्हणाली. "खिडक्या उघडून तिला बाहेर यायला सांगा," ती बाई कॅमेऱ्यातून म्हणाली, आणि निरुपमाने तेच मोहनाला ओरडून सांगितलं. भिंत धरत मोहना दारात आली, आणि त्या बाईने तिला धरलं.

मग उलगडा झाला. हेलन नावाची ती बाई पलीकडच्याच घरात राहायची. तिकडे घर गरम ठेवणाऱ्या यंत्राचा धूर भिंतीतल्या पाइपमधून बाहेर जातो. पाइपाचं तोंड बर्फाने बुजलं तर विषारी वायू घरात कोंडतो. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. वारा रोज बर्फ आणून ते तोंड बुजवत होता आणि हेलन रोज येऊन ते मोकळं करत होती. आदल्या रात्री मात्र वाऱ्याने तिच्या आधीच डाव साधला होता.

बर्फातून वाट काढत दवाखान्याची गाडी आली, तपासणी झाली. आई आणि बाळ दोघेही सुखरूप होते.

"पण तिने बेल का नाही वाजवली?" रमाकांतांनी नंतर मोहनाला विचारलं.

मोहना म्हणाली, "बाबा, आम्ही राहायला आलो तेव्हा ती घरी केलेला केक घेऊन आली होती. मी कॅमेऱ्यातूनच नको म्हणून सांगितलं. तुम्हीच तसं शिकवलं होतं ना. तिला वाटलं, या लोकांना त्रास नको द्यायला. तिचा भाऊ अशाच एका हिवाळ्यात, घरात एकटा असताना, याच वायूने वारला, बाबा. तो गावाला गेला असेल असं सगळ्यांना वाटलं. कोणी दार ठोठावलंच नाही."

निरुपमाने फोन ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "आपल्या समोरच्या फ्लॅटमध्ये बळवंतराव एकटे राहतात. गावातल्याच तरसालीहून इथे राहायला आले तेव्हापासून त्यांच्याशी आपण काय बोललोय? स्कूटर नीट लावा, एवढंच. सात समुद्रापलीकडची बाई आपल्या लेकीसाठी बर्फ तुडवत येते, आणि आपल्याला पॅसेज ओलांडवत नाही."

रमाकांत उठले. समोरची बेल वाजवली. दार साखळीपुरतंच उघडलं आणि फटीतून एक डोळा दिसला.

"स्कूटर का?" बळवंतरावांनी विचारलं.

"नाही. तुम्ही बरे आहात ना, एवढंच विचारायला आलो."

तो डोळा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. आतल्या घरातून कसलाच आवाज येत नव्हता. रमाकांतांना वाटलं, दार आता लागणार. मग साखळी निघाली.

"या," बळवंतराव म्हणाले, "पण चहात साखर किती घालायची, ते तुम्ही सांगा. पाहुण्यांसाठी करायची सवय गेलीय."

मित्रांनो, सावध राहणं चुकीचं नाही. पण सावधपणाच्या नावाखाली आपण माणसंच दाराबाहेर ठेवू लागलो, तर संकटात आपल्याला हाक कोण मारणार? आपल्या बडोद्यात बर्फ पडत नाही. त्यामुळे शेजाऱ्यापर्यंत न जायला आपल्याकडे हवामानाचंही निमित्त नाही. आज समोरची बेल वाजवा. काही काम नसताना वाजवा.