नऊला निघून दहाला

तिकिटावर लिहिलं होतं, उड्डाण सकाळी नऊ, आगमन सकाळी दहा. शिंपीणबाईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "एवढंच? मग येते."

त्यांच्या नवऱ्याने मूग गिळले. गल्लीतले लोक त्यांना घड्याळजी म्हणत. लेक राहते तिथलं घड्याळ इकडच्यापेक्षा सहा तास मागे, म्हणजे प्रवास चांगला सात तासांचा, हे त्यांनी केव्हाच ताडलं होतं. पण सांगायचं कुणी? बाईंना स्टुलावर चढून बल्ब बदलायचा म्हटलं तरी दरदरून घाम फुटायचा.

त्यात लेकीचं लग्न आठवड्यावर आलेलं. पोशाख बाईंनीच शिवलेला, कमरेला नुसता धावदोरा घातलेला. अंगावर चढवून बघितल्याशिवाय पक्की टीप मारायची नाही हा त्यांचा नियम, आणि दुसऱ्याने त्यांच्या कापडाला हात लावायचा नाही हा दुसरा. "बाबा, काहीही करा, पण आईला विमानात बसवा," लेक फोनवर म्हणाली होती. "नाहीतर मी धावदोऱ्यावरच लग्नाला उभी राहीन."

विमानाने जमीन सोडली तशी बाईंनी घड्याळजींचं मनगट आवळलं. "तासाभराचा तर प्रश्न," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "दाढ काढायलाही तेवढा लागतो."

बऱ्याच वेळाने त्यांनी एक डोळा उघडला. "अहो, आलं का?"

"येईल."

"वाट चुकलाय की काय हा?"

खिडकीशी बसलेला पोरगेला डॉक्टर समजुतीने म्हणाला, "काकू, अजून साडेपाच तास आहेत."

घड्याळजी आपल्या बुटांकडे बघू लागले. बाई सावकाश त्यांच्याकडे वळल्या. "लोकांची घड्याळं नीट करता, आणि बायकोचं बिघडवता?"

"खरं सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले."

बाई आता रडणार की काय, म्हणून घड्याळजींनी रुमाल काढून ठेवला.

"साडेपाच तास," बाई म्हणाल्या, "आणि मी पोशाख घातला पेटीत, पेटी गेली विमानाच्या पोटात. दोन्ही बाह्यांची तुरपाई हाताने झाली असती की हो. आधी सांगायला काय धाड भरली होती?"

मग त्यांचं लक्ष डॉक्टरच्या कोटाकडे गेलं. बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. शिंपिणीच्या पर्समध्ये सुई नसेल तर काय असणार? "काढ रे तो," त्या म्हणाल्या, "आणि जरा उठ. मला उजेड लागतो."

स्टुलाला भिणारी बाई खिडकीत जाऊन बसली. खाली ढगच ढग. तिने एकदा वाकून पाहिलं, "कापूस बरा पिंजलाय," म्हणाली आणि सुईत दोरा ओवला. कोट झाला, मग हवाईसुंदरीच्या जाकिटाचं अस्तर, मग मागच्या रांगेतल्या आजींची पिशवी. विमान उतरायला लागलं तेव्हा बाई वैतागल्या, हातातलं काम अर्धं होतं.

लेकीच्या घरी पोशाख अंगावर चढला. बाई तिच्या कमरेशी टाचण्या लावत असताना होणाऱ्या जावयाने परतीचं तिकीट वाचून दाखवलं, "सकाळी नऊला निघून रात्री दहाला."

"तेरा तास?" बाई म्हणाल्या. "छे, एवढं मला नाही झेपायचं. मी आपली इथेच राहते महिनाभर."

घड्याळजींनी समजावायला तोंड उघडलं. मग त्यांना दिसलं, की बाईंच्या ओठांत टाचण्या आहेत आणि त्यामुळे त्यांना हसू नीट दाबता येत नाहीये.

"खरंच, तेरा तास म्हणजे फारच," ते म्हणाले.

लेकीने परतीची तारीख बदलायला फोन काढलासुद्धा होता. "हलू नकोस," आई तिच्यावर ओरडली.