पाच नारळांचा कौल

कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटच्या त्या टाउनहाऊसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग गॅरेजपर्यंत गेलेला. हॉलच्या लाकडी फरशीवर पाच शेंडीवाले नारळ, कुणी हात न लावता, सरकत होते! पुण्या-नागपूरचे झाडून सगळे इंजिनिअर हात जोडून बसले होते.

“देवळात कौल लावतात ना, तसाच हा,” सोफ्यावरून चैतन्यमहाराज म्हणाले. “उजवीकडे गेले तर होकार, डावीकडे नकार. एनर्जी फील्ड आहे हे, बाळांनो! तुमच्या सायन्सला कळायला अजून शंभर वर्षं लागतील.”

प्रश्न शैलजामावशींच्या बायपासचा होता. मंगळवारची तारीख ठरलेली. महाराजांचा अंगठीवाला हात हळूच डावीकडे झुकला आणि पाचही नारळ तिकडेच वळले.

“नकार! ऑपरेशन नको. आमचा अंगारा पुरे.”

“मग आत्ताच कॅन्सल करतो,” मावशींचा मुलगा संजीव म्हणाला आणि त्याने फोन काढला.

सुमेधा पुढे सरकून नारळांकडे बघू लागली. मावशींची ही भाची विद्यापीठात प्राध्यापक. छोट्या यंत्रमानवांच्या थव्यांवर तिचं संशोधन. प्रत्येक यंत्राला नियम दोनच: उजेडाकडे जा, शेजाऱ्याला धडकू नकोस. तेवढ्यावर चाळीस यंत्रं शहाण्यासारखी एकत्र चालतात. इतक्यात एक नारळ टीपॉयच्या पायाला अडला आणि मागचे चार थबकले. हे तर तिच्या लॅबमध्ये रोजचंच! देव कशाला टीपॉयला अडेल?

“थांब रे, आधी एक फोटो काढू दे,” म्हणत तिने पर्समधला डिजिटल कॅमेरा काढला. महाराजांच्या अंगठीत साध्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं; कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र जांभळट ठिपका लुकलुकत होता. टीव्हीच्या रिमोटचा अदृश्य उजेडही कॅमेऱ्यात असाच दिसतो.

तिने सोफ्यावरचा रिमोट उचलला. “महाराज, मीही विचारते हं,” म्हणत बटण दाबून धरलं.

पाचही नारळ गर्रकन वळले आणि तुरुतुरु तिच्या पायाशी आले. कुणीतरी फिस्सकन हसलं.

“फील्ड डिस्टर्ब झालं!” महाराज ओरडले.

सुमेधाने एक नारळ उलटा केला. खाली चाकं, आत मोटर, डोळ्यांच्या जागी प्रकाश टिपणारे सेन्सर.

मावशी हळूच म्हणाल्या, “मला ऑपरेशनची भीती वाटते गं. मला नकारच हवा होता.”

“भीती वाटणारच, मावशी. पण ती डॉक्टरांना सांगायची. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर तो असा उलटा करून बघायचा.”

मावशींनी तिच्या हातातला रिमोट घेतला, हात लांब करून, बटण दाबत उजवीकडे धरला. पाचही नारळ निमूटपणे उजवीकडे गेले.

“हा माझा कौल,” त्या म्हणाल्या. “संजीव, फोन ठेव खाली.”