कॉलरीचा कोपरा

बूट काढताना वॉचमन कण्हला, तशी बायको शिलाई मशीनवरून उठली. मोजा अंगठ्याला चिकटला होता. बँकेच्या दाराशी दिवसभर उभं राहून त्याचा जीव आधीच मेटाकुटीला आलेला, त्यात या अंगठ्याने डोकं वर काढलेलं. नखाच्या कडेला सूज होती आणि पू धरला होता.

"एवढासा अंगठा, पण सगळ्या घराला वेठीला धरलंय त्याने," ती म्हणाली. "उद्या दवाखान्यात जा. मी येऊ?"

"नको. तुझ्या कॉलरी राहतील."

कारखान्यासाठी ती घरी शर्टाच्या कॉलरी शिवायची. मणक्याच्या ऑपरेशननंतर त्याला वाकता येत नसे, तेव्हापासून दर रविवारी त्याची नखंही तीच कापायची. कॉलर उलटवण्याआधी कोपऱ्याचं जास्तीचं कापड छाटावं लागतं, नाहीतर टोक बसत नाही. तिच्या हाताला तीच सवय. नखाचे कोपरेही ती आत शिरून तिरके छाटायची. आठवडाभर दोघांचं बोलणं डबा आणि किल्लीपुरतं, दोघंही दमलेली. रविवारी मात्र त्याचा पाय मांडीवर घेतला की तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गोष्टी आठवत आणि त्याला हसू येई. तेवढ्यासाठी तो आठवडा ओढत असे.

डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन अंगठा बधिर केला, मांसात रुतलेली नखाची कड कापून काढली आणि पट्टी बांधली.

"नखं कोण कापतं?"

"मीच."

डॉक्टरांनी त्याच्या मणक्याला आधार देणाऱ्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं. "कोपरे खोल कापलेत. आत उरलेलं टोक वाढताना मांसात घुसतं, वर हे आवळ बूट. पुढे नख सरळ कापा, कोपरे राहू द्या. बूट सैल घ्या. पुन्हा झालं तर नखाची ती कड मुळापासून काढावी लागेल."

पट्टी कधी बदलायची ते नर्सने सांगितलं, पण त्याचं लक्षच नव्हतं. घरी हे सांगितलं तर काय होईल, ते त्याला ठाऊक होतं. एकदा तिच्या हातून गिऱ्हाइकाचा शर्ट जळला होता. त्यानंतर तिने दुसऱ्याच्या कपड्याला कधी इस्त्री लावली नाही. मग रविवारही गेलाच म्हणायचा.

"बुटांनी केलं," घरी येऊन तो म्हणाला. तिने लगेच बूट उचलून दाराबाहेर ठेवले.

जखम भरली. सैल बूट आले. पुढच्या रविवारी त्याने मुकाट्याने पाय तिच्या मांडीवर ठेवला. पुन्हा ठणकला तर ठणकू दे, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

तिने नेलकटर घेतलं नाही. मशीनच्या खणातून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि अंगठ्याच्या नखावर आडवी सरळ रेघ मारली.

"हे काय?"

"पट्टी कधी बदलायची विचारायला दवाखान्यात फोन केला होता. नर्सने सगळं सांगितलं."

त्याने दाराशी ठेवलेल्या सैल बुटांकडे नजर वळवली.

"बुटांनी केलं म्हणे."

"बूटही होतेच की."

"आणि तरी पाय परत माझ्याच हातात दिलात? अक्कल गहाण ठेवलीत का?"

"तू कापायचं सोडलं असतंस."

तिचे डोळे भरून आले होते.

"सोडणारच होते," ती म्हणाली. "काल रात्री तर पक्कं ठरवलं होतं."

"मग?"

"मग रविवारी काय केलं असतं आपण?" तिने पदराने डोळे पुसले आणि नेलकटर उघडलं. "पाय हलवू नका. रेघ चुकेल."