दोनशे अंड्यांची ऊब

मी बॅटरी बोलतेय. घड्याळातली चिमुकली नव्हे हं. चांगली कपाटाएवढी, जिन्याखाली भिंतीला पाठ लावून उभी असलेली. दिवसा छतावरच्या सोलर पॅनलांनी धाडलेली वीज पोटात साठवायची आणि लागेल तेव्हा घराला द्यायची, एवढंच माझं काम.

मला आणलं ते सूनबाईंनी. त्या घरीच अंडी उबवून पिल्लं विकतात. त्यासाठी एकवीस दिवस यंत्रात सारखी ऊब लागते. मागे एकदा वीज गेली ती गेलीच, आणि दोनशे अंडी थंड पडली. सूनबाईंनी ती स्वतःच्या हातांनी पुरली आणि दुसऱ्याच दिवशी माझी चौकशी करायला दुकानात गेल्या.

त्यांचा नवरा गणिताचा मास्तर. "नऊ वर्षांनी हिचा खर्च भरून निघणार आणि दहाव्या वर्षी हीच थकणार," मास्तर म्हणाले. "कशाला हा खटाटोप?" मला लागलं ते, पण खोटं नव्हतं.

सासऱ्यांचा मात्र माझ्यावर आणि पॅनलांवर भारी जीव. नवी वस्तू आली की ती झाकून ठेवायची ही त्यांची जुनी खोड. रिमोटसुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीत. शेजाऱ्यांनी भिंत घासायला घेतली, धूळ उडायला लागली, तसे ते गुपचूप गच्चीवर गेले आणि पॅनलांवर जाड चादर बांधून आले. मी दोन दिवस उपाशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी वादळात खांब पडले आणि वीज गेली. अंड्यांचा अठरावा दिवस होता. सूनबाईंनी माझा आकडा पाहिला. तीस टक्के.

"बाबा, वर काही केलंत का?"

"धूळ बसत होती गं. झाकून ठेवलंय."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. सूनबाई वर गेल्या, चादर सोडून आल्या. आभाळ भरलेलं, त्यामुळे वीज येत होती ती नावापुरती. मग त्यांनी फ्रीज बंद केला, पंप बंद केला, पंखेही बंद केले. होतं नव्हतं ते सगळं अंड्यांना. ना आदळआपट, ना रडारड. त्या बाईचं मला फार कौतुक वाटलं. सासरे घामाघूम होऊन दिवसभर यंत्रापाशी बसून राहिले.

संध्याकाळी वीज आली तेव्हा माझ्यात चार टक्के उरले होते. तीन दिवसांनी पहिलं कवच तडकलं. मास्तर यंत्राला कान लावून किती वेळ उभे होते.

आज मला अकरावं वर्ष लागलंय. पूर्वीइतकी वीज पोटात मावत नाही. माझं काम संपेल तेव्हा मला उकिरड्यावर तेवढं टाकू नका; माझ्या पोटातलं मातीला बाधतं.

परवा मेकॅनिक पुन्हा आला, मला तपासून म्हणाला, "निम्मी गेलीय ही. बदलून टाका."

"आत्ता यंत्रात अंडी आहेत," मास्तर म्हणाले. "पिल्लं निघाली की बघू."

गेलं वर्षभर ते हेच सांगतायत. आणि यंत्र काही रिकामं होत नाही.